मागीलदाराने रॉथ : एका कायदेशीर वाटेचा हिशेब

मागच्या वेळी आपण ४०१(के) आणि पारंपरिक आयआरए यांच्याबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलापाशी एका तरुण डॉक्टर मुलीने आम्हाला गाठलं. म्हणाली, "सर, ते बॅकडोर रॉथ आमच्याकडे सगळेच करतात. अकाउंटंट म्हणतो कायदेशीर आहे. कायदेशीर आहे तर मग त्याला मागचं दार का म्हणतात?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे साध्या प्रश्नाला लांब उत्तर द्यायची खोड आहे. चहा निवला, उत्तर संपलं नाही. म्हणून आजचा तास त्याच प्रश्नाला.

आधी एक सांगून टाकतो. आम्ही कर-सल्लागार नाही. अमेरिकेत नोकरी केली, निवृत्त झालो, आणि या वाटेवर एकदा चांगले ठेचकाळलो. ती ठेच कुठे लागली हे पुढे येईलच. आकडे सांगू ते २०२५ सालचे. ते जवळजवळ दरवर्षी थोडे सरकतात, तेव्हा घरी गेल्यावर पडताळून घ्या.

"मागच्या दाराने" म्हटलं की आपल्या कानाला काहीतरी काळंबेरं वाटतं. निवडणुकीत पडलेला पुढारी विधान परिषदेत गेला की वर्तमानपत्रं म्हणतात, मागच्या दाराने आला. घटनेने ते दार स्वतःच बांधलेलं आहे, तरी आपण नाक मुरडतो. पण कोकणातल्या घरात मागीलदार हे चोराचं दार नसतं. विहिरीवर जायचं, भाजी खुडायची, भांडी घासायची, सगळी घरातली माणसं तिथूनच जा-ये करतात. तेव्हा बॅकडोर रॉथ हे यांपैकी कोणत्या अर्थाचं मागचं दार आहे, असा तो प्रश्न. त्याच्यासाठी आधी घर पाहू, मग दार.

आयआरए म्हणजे स्वतः उघडलेलं निवृत्तीचं खातं. ते १९७४ च्या कायद्याने आलं. त्यातल्या पारंपरिक प्रकारात पैसे भरताना वजावट मिळते आणि काढताना पूर्ण रकमेवर कर लागतो. १९९७ साली दुसरा प्रकार आला. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांनी तो लावून धरला, म्हणून त्यांचं नाव. यात भरताना वजावट नाही. कर भरून उरलेले पैसेच घालायचे. पण नियम पाळून काढले, तर मुद्दल आणि वाढ दोन्हींवर कर नाही. शेतकऱ्याच्या भाषेत, एकात पिकावर कर, दुसऱ्यात बियाण्यावर.

आता इथे बहुतेकांची एक समजूत असते, ती आपण आधी बाजूला करू. लोकांना वाटतं, पीक मोठं, बियाणं लहान, म्हणजे रॉथ नेहमीच फायद्याचं. तसं नाही. समजा तुमचा कराचा दर आज २४ टक्के आहे आणि निवृत्तीनंतरही २४ टक्केच राहणार आहे. हजार डॉलर पारंपरिक खात्यात घातले, दुप्पट झाले, दोन हजारांवर ४८० कर गेला, हातात १५२०. रॉथमध्ये आधीच २४० कर गेला, ७६० घातले, दुप्पट झाले, हातात १५२०. तंतोतंत तेवढेच. गुणाकाराचा क्रम बदलला तर उत्तर बदलत नाही, हे आपल्याला चौथीत शिकवलं होतं. फरक पडतो तो दर बदलला तर.

मग जास्त मिळवणाऱ्यांनी रॉथच्या मागे का लागावं? कारण त्यांच्यासाठी तुलनाच वेगळी आहे. नोकरीत ४०१(के) आहे आणि नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न १ लाख ४६ हजार डॉलरच्या वर आहे, अशा माणसाला पारंपरिक आयआरएत पैसे भरता येतात, पण वजावट मिळत नाही. म्हणजे बियाण्यावर कर झालाच. पुढे वाढ होईल तिच्यावरही काढताना कर, आणि तोही पगारासारखा पूर्ण दराने. सात हजार घातले, चौदा झाले, तर वाढीच्या सात हजारांवर २४ टक्क्यांनी १६८० डॉलर. रॉथमध्ये हाच आकडा शून्य. इथे भविष्यातल्या दराचा अंदाज बांधायची गरजच राहत नाही. शिवाय पारंपरिक खात्यातून वयाच्या ७३ व्या वर्षापासून, आणि १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५ पासून, दरवर्षी ठराविक रक्कम काढावीच लागते. रॉथ आयआरएत मूळ मालकाच्या हयातीत अशी सक्ती नाही. आमच्या वयाला आल्यावर या सक्तीचा अर्थ नीट कळतो!

पण रॉथच्या पुढच्या दारावर पहारेकरी आहे. जोडीने रिटर्न भरणाऱ्यांचं समायोजित उत्पन्न २ लाख ३६ हजारांच्या पुढे गेलं की भरता येणारी रक्कम कमी होऊ लागते आणि २ लाख ४६ हजारांना ती शून्य होते. एकट्या माणसाला हीच सीमा १ लाख ५० हजार ते १ लाख ६५ हजार. सीमा ओलांडून भरलेच, तर त्या जादा रकमेवर ६ टक्के दंड, आणि ती रक्कम खात्यात राहील तितकी वर्षं दरवर्षी. दोघंही आयटीत किंवा वैद्यकीत असलेली आपल्या मंडळातली कितीतरी घरं या सीमेच्या पलीकडे आहेत.

मागचं दार कसं उघडलं, ती गोष्ट गमतीची आहे. पारंपरिक आयआरएतले पैसे रॉथमध्ये हलवायला कन्व्हर्जन म्हणतात. त्यालाही पूर्वी उत्पन्नाची अट होती, एक लाख डॉलरची. २००५ च्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २००६ साली सही झालेल्या एका करकायद्याने ती अट २०१० पासून काढून टाकली. हेतू काय? श्रीमंतांवर कृपा? तेवढंच नाही. सरकारला इतर सवलतींची भरपाई दाखवायची होती. लोकांनी पारंपरिक खाती रॉथमध्ये हलवली की त्या वर्षी त्यांना कर भरावा लागणार, म्हणजे तिजोरीत आज पैसा दिसणार. उद्याचा कर बुडेल, पण उद्याचं उद्या. तर कन्व्हर्जनची अट गेली आणि रॉथमध्ये थेट भरण्याची अट मात्र तशीच राहिली. पुढच्या दाराला कुलूप, मागच्याची कडीच काढलेली.

वाट दोन पावलांची आहे. पारंपरिक आयआरएत वजावट न घेता पैसे भरायचे. याला उत्पन्नाची कमाल मर्यादा नाही, फक्त कमाईचं उत्पन्न हवं. २०२५ साली मर्यादा ७ हजार डॉलर होती, पन्नाशी गाठलेल्यांना ८ हजार. घरी असलेल्या जोडीदाराच्या नावानेही, जोडीने रिटर्न भरत असाल तर, दुसऱ्याच्या कमाईवर भरता येतात. मग ते पैसे रॉथमध्ये कन्व्हर्ट करायचे. त्यांच्यावर कर आधीच भरलेला आहे, त्यामुळे हलवताना पुन्हा कर नाही. मधल्या दिवसांत दहा-बारा डॉलर व्याज सुटलं असेल तर तेवढ्यावर लागतो. झालं. संगणकावर पंधरा मिनिटांचं काम.

आणि इथेच आम्ही पडलो.

साल २०११. आमच्या घरी दोन पगार होते. प्राध्यापकाचा कमी आणि घरच्यांचा जास्त, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. (हशा) पूर्वीच्या एका नोकरीतलं निवृत्तीचं खातं आम्ही काही वर्षांपूर्वी सोयीसाठी पारंपरिक आयआरएत वळवून घेतलं होतं. त्यात ९४ हजार डॉलर होते, सगळे वजावटीचे, कर न भरलेले. मागच्या दाराबद्दल कुठेतरी वाचलं आणि मोठ्या हुशारीने, दुसऱ्या कंपनीत, अगदी नवं कोरं पारंपरिक आयआरए खातं उघडलं. त्यात ६ हजार डॉलर भरले. त्या वर्षी पाच हजारांची मर्यादा होती आणि वयामुळे हजार जास्त. दुसऱ्या आठवड्यात ते सहाच्या सहा हजार रॉथमध्ये नेले. आमच्या मनात चित्र स्वच्छ होतं : जुनं खातं वेगळं, नवं वेगळं, आणि नव्यातला प्रत्येक डॉलर कर भरलेला.

मार्चमध्ये रिटर्न करणाऱ्या बाईंनी फोन केला. त्यांनी सांगितलं की या सहा हजारांपैकी फक्त ३६० डॉलर करमुक्त आहेत. उरलेल्या ५,६४० वर कर भरायचा आहे. सुमारे दीड हजार डॉलरचा भुर्दंड. आम्ही भांडलो. म्हटलं, अहो, हे पैसे त्या खात्यातले नाहीतच! बाई शांतपणे म्हणाल्या की कायद्याच्या दृष्टीने तुमचं खातं एकच आहे.

आपल्याकडे हंसाची कल्पना आहे ना, दूध आणि पाणी वेगळं करणारा. अमेरिकेचा करकायदा हंस मानत नाही. तुमच्या नावावर जितकी पारंपरिक आयआरए असतील, सेप आणि सिंपल प्रकारची धरून, तितकी सगळी तो एका पातेल्यात ओततो. ३१ डिसेंबरला पातेल्यात किती उरलं ते बघतो, त्यात वर्षभरात हलवलेली रक्कम मिळवतो, आणि कर भरलेल्या पैशांचं प्रमाण काढतो. आमच्या पातेल्यात ९४ भाग दूध आणि ६ भाग पाणी. मग कुठल्याही कडेने वाटी बुडवा, वाटीत ९४ ला ६ हेच प्रमाण येणार. याला प्रो-राटा नियम म्हणतात, म्हणजे प्रमाणशीर वाटणीचा नियम. पैसा कुठल्या कंपनीत, कुठल्या खातेक्रमांकात, कुठल्या तारखेला आला, याला इथे अर्थ नाही. आम्ही वर्गात वस्तूंच्या तादात्म्यावर तास घेत असू : हीच ती वस्तू आहे हे कशावरून म्हणायचं? आणि स्वतःच्या सहा हजारांच्या बाबतीत आम्हाला तो प्रश्न सुचला नाही.

तेव्हा पहिलं पाऊल टाकण्याआधी आपल्या नावावर कुठे कुठे कर न भरलेलं आयआरए आहे ते शोधा. कन्सल्टिंग करताना काढलेलं सेप आयआरए लोक हमखास विसरतात. नवरा-बायकोची पातेली मात्र वेगळी असतात; एकाच्या जुन्या खात्यामुळे दुसऱ्याचं बिघडत नाही. आणि ४०१(के) पातेल्यात मोजलं जात नाही. उपाय त्यातच आहे : सध्याच्या नोकरीतलं ४०१(के) बाहेरचे पैसे घेत असेल, तर आयआरएतले कर न भरलेले पैसे तिकडे वळवायचे, ३१ डिसेंबरच्या आत. नियमाने तिकडे कर न भरलेलाच भाग जाऊ शकतो, म्हणजे कायद्याने या एका ठिकाणी हंसाला परवानगी दिली आहे! आम्ही पुढच्या वर्षी हेच केलं. हे शक्य नसेल आणि जुन्या खात्यात मोठी रक्कम असेल, तर ही वाट सोडून द्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. साध्या गुंतवणूक खात्यात पैसे ठेवणं हा काही कमीपणा नाही.

आमचे ते ५,६४० डॉलर बुडाले का? नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सहा हजार कर भरलेले होते. त्यातले ३६० वापरले गेले, बाकीचे ५,६४० 'आधीच कर भरलेले' म्हणून पारंपरिक खात्याच्या नावे शिल्लक राहिले, आणि पुढे वापरता आले. पण ही शिल्लक कुठे राहते? बँकेला ती माहीत नसते. गुंतवणूक कंपनी वर्षाअखेरीला १०९९-आर पाठवते, त्यात बहुधा पूर्ण रक्कम करपात्र रकान्यात छापलेली असते आणि कर किती ते ठरवलेलं नाही, अशा अर्थाच्या चौकटीत खूण असते. ठरवायचं तुम्ही. ती शिल्लक नांदते फक्त एका कागदावर, फॉर्म ८६०६ वर. दरवर्षी, ज्या ज्या वर्षी वजावट न घेता भरणा केला किंवा कन्व्हर्जन केलं, त्या वर्षी तो रिटर्नसोबत जोडायचा. तो न भरल्याचा दंड फक्त ५० डॉलर आहे, आणि म्हणूनच लोक त्याला किरकोळ समजतात. खरा दंड निराळाच. वीस वर्षांनी तुम्ही किंवा तुमच्या पश्चात मुलं पैसे काढतील, आणि यावर कर भरला होता हे दाखवायला कागद नसेल, तर त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर जाईल. आमच्या ओळखीत एका गृहस्थांच्या पत्नीला असे सात वर्षांचे कागद नवऱ्यामागे शोधावे लागले. मुलाने जुने रिटर्न तळघरातल्या खोक्यात ठेवले होते म्हणून निभावलं.

तारखांचाही एक सापळा आहे. गेल्या वर्षासाठीचा भरणा या वर्षीच्या १५ एप्रिलपर्यंत करता येतो, पण कन्व्हर्जन ज्या कॅलेंडर वर्षात केलं त्याच वर्षाचं धरलं जातं. मार्चमध्ये मागच्या वर्षाचे पैसे भरून लगेच हलवले, की एकाच व्यवहाराचे दोन तुकडे दोन वर्षांच्या ८६०६ वर जातात. त्यापेक्षा भरणा आणि कन्व्हर्जन दोन्ही एकाच वर्षात करा. आणि २०१८ पासून कन्व्हर्जन उलटं फिरवता येत नाही. पूर्वी 'चुकलं, परत घ्या' म्हणता यायचं, २०१७ च्या कायद्याने ती सोय काढली. आमचा घोटाळा तेव्हा दुरुस्त करता आला असता, हे आम्हाला मुदत उलटल्यावर कळलं.

आता त्या मुलीचा प्रश्न. पुढच्या दाराने जे करू नका म्हटलं आहे, ते दोन पावलांत केलं तर ती पळवाट नाही का? हा प्रश्न अमेरिकन न्यायालयांपुढेही जुना आहे. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रेगरी विरुद्ध हेल्व्हरिंग या खटल्यात निकाल दिला. ग्रेगरीबाईंनी कर कमी पडावा म्हणून एक कंपनी उभारली, तिच्यात शेअर्स घातले, आणि काही दिवसांत कंपनी मोडून ते शेअर्स स्वतःकडे घेतले. कागद सगळे नियमाप्रमाणे होते. न्यायालय म्हणालं, या कंपनीला दुसरं काही प्रयोजनच नव्हतं, म्हणून हा व्यवहार आम्ही मानत नाही. शब्द पाळले तरी वस्तू खरी असावी लागते. यातूनच पुढे, अनेक पावलं मिळून एकच व्यवहार असेल तर त्याच्याकडे एक म्हणूनच पाहावं, असं तत्त्व रुजलं. या भीतीने पूर्वी सल्लागार सांगत, भरल्यावर महिना-दोन महिने थांबा, मग हलवा. जणू मध्ये वेळ गेला की पावलांना एकमेकांची ओळख राहत नाही!

आपल्या मीमांसकांनी विधी आणि निषेध यांचा वाक्यार्थ लावण्यात शतकं घालवली, आणि विज्ञानेश्वरांनी मिताक्षरेत वारसाहक्काचे प्रश्न त्याच नियमांनी सोडवले. निषेध नेमका कशाचा आहे, हे ते आधी विचारत. इथे विचारू. थेट भरण्याला निषेध आहे. कन्व्हर्जनला होता, तो कायदेमंडळाने स्वतः, जाणूनबुजून काढला. २०१७ च्या करकायद्यासोबतच्या संयुक्त अहवालात तळटिपांमधून असं नोंदलेलं आहे की थेट भरता न येणारा माणूस पारंपरिक खात्यात भरून ते पैसे रॉथमध्ये नेऊ शकतो. २०२१ साली प्रतिनिधिगृहाने ही वाट बंद करणारी तरतूद मंजूर केली होती. सिनेटमध्ये ते विधेयक पुढे गेलं नाही. म्हणजे दार उघडं आहे हे घरमालकाला ठाऊक आहे, त्याने ते बंद करायचा विचार केला, आणि केलं नाही. ग्रेगरीबाईंच्या प्रकरणाशी याची तुलना आम्हाला पटत नाही. आणखी एक. इथे लपवलेलं काही नाही. केलेला व्यवहार सरकारने छापलेल्या फॉर्मवर, सरकारलाच, आपण सही करून कळवतो.

पण म्हणून हा नियम चांगला आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याकडे वर्षाला सात हजार शिल्लक पडतात आणि ज्याला चांगला अकाउंटंट परवडतो, त्यालाच हे दार सापडतं. पुढच्या दारावरची अट मग फक्त अजाण माणसाला अडवते. अशी अट एक तर काढावी, नाहीतर खरी करावी. आम्ही स्वतः हे दार बारा वर्षं वापरलं, आणि हे मतही तितकीच वर्षं बाळगलं. दोन्ही एकाच माणसात राहू शकतं. उद्या दार बंद झालं तर आम्ही तक्रार करणार नाही.

पैसे काढण्याचे नियम थोडक्यात. साडेएकोणसाठ वर्षांचं वय आणि पहिलं रॉथ खातं सुरू झाल्याच्या वर्षापासून पाच वर्षं, या दोन्ही गोष्टी झाल्या की वाढीवर कर नाही. त्याआधी काढले, तर कन्व्हर्जनच्या वेळी ज्या भागावर कर लागला होता त्याच्यावर पाच वर्षांच्या आत १० टक्के दंड लागू शकतो. स्वच्छ केलेल्या बॅकडोरमध्ये तो भाग जवळजवळ नसतोच.

शेवटी, भारतात परतायचा विचार असलेल्यांसाठी. इथे आम्ही आवाज थोडा चढवतो. अमेरिकेने करमुक्त म्हटलं म्हणून भारताने तसंच म्हणावं, असं नसतं. परतल्यावर काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या वर्गात असाल, तेव्हा परदेशातल्या अशा उत्पन्नावर भारतात कर लागत नाही. नंतर पूर्ण निवासी झालात की जगभरचं उत्पन्न हिशेबात येतं. २०२१ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यात ८९-ए हे कलम आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांमधल्या वाढीवर दरवर्षी कर न लावता, तिकडे पैसे काढताना कर लागतो त्या वर्षी तो लावावा, असा पर्याय त्याने दिला. पारंपरिक खात्याला हे नीट बसतं. रॉथमधून काढताना मात्र अमेरिका कर घेतच नाही, त्यामुळे या कलमाचा सांधा तिथे जुळत नाही. म्हणून पुण्याला फ्लॅट घेऊन ठेवला असेल, तर दरवर्षी सात हजार मागच्या दाराने नेण्याआधी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएकडे एक तास बसा. परतीच्या तिकिटाच्या आधी, नंतर नव्हे.

त्या डॉक्टर मुलीला आम्ही चहाच्या टेबलापाशी एवढंच विचारू शकलो होतो, की तुझ्या नावावर जुन्या नोकरीचं आयआरए आहे का? ती म्हणाली, आहे, रेसिडेन्सीच्या वेळचं, बारा-तेरा हजारांचं. आज ती समोर बसलेली दिसते आहे आणि तिच्या हातात कागदही आहे. या, माइक घ्या, तुमच्यापासूनच प्रश्न सुरू करू.